‘कळवलं होतं’ म्हणजे ‘कळलं’ नव्हे



मागच्या वर्षी आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता ‘कामाच्या ठिकाणी प्रभावी संवाद कौशल्य’. वेळ साडेदहाची, सुरुवात सव्वाअकराला. सरस्वतीपूजन, स्वागत, प्रास्ताविक आणि मग पीपीटी. संवादाची व्याख्या, संवादाचे प्रकार, शाब्दिक-अशाब्दिक संवाद, संवादातील अडथळे. तज्ज्ञ सर अभ्यासू होते, आवाजही छान होता. चहा झाला, परत पीपीटी. जेवणानंतर एक व्हिडिओ दाखवला, त्याचा आवाज मागच्या तीन रांगांपर्यंत पोहोचतच नव्हता. आणि गंमत बघा, संवादाच्या प्रशिक्षणात ‘सर, आवाज येत नाही’ एवढं उठून कुणी सांगितलं नाही. मीपण नाही सांगितलं. शेवटी ‘काही शंका?’ असं विचारण्यात आलं. शंका नव्हत्या. सह्या झाल्या, ग्रुप फोटो झाला आणि साडेचारला आम्ही एसटी पकडायला पळालो.

हे मी चेष्टा म्हणून लिहीत नाहीये. पण खरं तेच सांगते. चाळीसएक शिक्षक दिवसभर संवाद शिकले आणि त्या दिवसभरात ‘उपस्थित’ आणि ‘माझ्या चहात साखर कमी’ यापलीकडे कामाचं असं कुणी काही बोललं नाही. पोहायचा वर्ग फळ्यावर घ्यावा तसं झालं ते.

तरीसुद्धा कर्मचाऱ्यांना संवादाचं प्रशिक्षण दिलंच पाहिजे, याच मताची मी आहे. शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, कारखान्यात, सगळीकडे. माझं हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. पाचवीतल्या एका मुलीच्या फॉर्मवरून झालंय. ती गोष्ट सांगायला मला आजही जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. आमची चार शिक्षकी शाळा. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म ऑनलाईन भरावे लागतात हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्या वर्गातली नऊ मुलं बसणार होती. कागद गोळा करणं, पालकांच्या मागे लागणं माझ्याकडे. प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर भरणं आमच्या एका सरांकडे, कारण त्यांचा हात त्यात बसलेला आणि गावात बरी रेंज येते तीही त्यांच्याच घराजवळ. नऊपैकी दोन फॉर्म अडकले होते. एका मुलाचं आधार कार्डवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नव्हतं. आणि या मुलीचा फोटो नीट अपलोड झाला नव्हता, नवा पाहिजे होता. तिच्या आईने नवा फोटो आणून दिला. मी तो पाकिटात घालून ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवला.

दुपारी खिचडी वाढता वाढता मी सरांना म्हटलं, “सर, तेवढ्या एका फॉर्मचं बघा हं आज.”

सर म्हणाले, “हो मॅडम, झालं ते.”

मी म्हणत होते फोटोवाल्या फॉर्मचं. ते सांगत होते आधारवाल्या फॉर्मचं, जे त्यांनी आदल्या रात्री अकरापर्यंत जागून पूर्ण केलं होतं. फोटो आलाय हेच त्यांना माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, ‘अपूर्ण आवेदनपत्रे तात्काळ पूर्ण करावीत. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ मुख्याध्यापकांनी तो आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. मी अंगठा दाखवला, सरांनी अंगठा दाखवला. आपण ‘संबंधित’ आहोत असं दोघांनाही वाटलं नाही.

मुदत संपली. वाढवून मिळालेली मुदतही संपली. प्रवेशपत्रं आली तेव्हा आठच आली. मी खण उघडला, तर पाकीट तिथंच.

ही मुलगी रोज सकाळी नऊला जादा तासाला यायची. बुद्धिमत्ता चाचणीतली घड्याळाची उदाहरणं, आरशातली वेळ वगैरे, ती मला वही न उघडता सांगायची. परीक्षेच्या दिवशी आठ मुलांना घेऊन आमची जीप तिच्या घरावरून गेली. ती दारात उभी होती. मी खिडकीतून हात केला, मग वाटलं हात तरी कशाला केला.

तिचे वडील एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहेत. ते शाळेत आले. भांडले नाहीत. भांडले असते तर सोपं गेलं असतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं शिफ्ट सुटली तरी पुढचा माणूस आल्याबिगर मशीन सोडत नाय. काय बिघाड हाय, कुठला पार्ट बदललाय, त्याला दाखवायचं. त्याच्याकडनं परत बोलून घ्यायचं. मग वहीत दोघांच्या सह्या. तुमच्याकडं असलं काय नसतं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजवरच्या नोकरीत मला अध्यापनाचं प्रशिक्षण मिळालं, मूल्यमापनाचं मिळालं, पोषण आहाराच्या नोंदींचं मिळालं, निवडणुकीचं तर कितीदा मिळालं. पण शेजारच्या वर्गातल्या माणसाला निरोप कसा द्यायचा आणि तो पोहोचला का हे कसं बघायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते शिकवायचं असतं असंच कुणाला वाटत नाही. ‘बोलायला काय येत नाही का?’ असं आपण म्हणतो.

आणि बघा, बोलायला आम्हाला दोघांनाही येतं. हे सर तालुक्यात सूत्रसंचालनासाठी प्रसिद्ध आहेत. कुठेही कार्यक्रम असू दे, माईक त्यांच्याच हातात. मीपण डी.एड.ला असताना वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली. संवाद कौशल्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे सफाईदार बोलणं, आत्मविश्वास, चार माणसांत छाप पडणं, हल्ली तर फाडफाड इंग्रजी, ते सगळं (इंग्रजी सोडून) आमच्याकडे होतं. तरी पाच फुटांवरच्या माणसाला मी काय म्हणतेय ते कळलं नाही, आणि कळलं नाही हेही दोघांना कळलं नाही. म्हणून प्रशिक्षणात भाषणकला शिकवून हा प्रश्न सुटेल यावर माझा विश्वास नाही. अडतं ते निरोप देण्याघेण्यात, शंका विचारण्यात, आणि ‘मला समजलं नाही’ म्हणण्यात.

त्या दिवसांत मला माझ्या मामांची आठवण झाली. मामा रेल्वेत गेटमन होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या फाटकाजवळच्या खोलीत आम्ही भावंडं जाऊन बसायचो. गाडी यायच्या आधी स्टेशन मास्तरांचा फोन यायचा. मामा गाडीचा नंबर परत म्हणून दाखवायचे, बाहेर जाऊन फाटक लावायचे, कुलूप घालायचे, आत येऊन पुन्हा फोन उचलायचे आणि समोरच्या कागदावरून एक आकडा सांगायचे. त्याला ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. प्रत्येक वेळी वेगळा आकडा, सांगितला की कागदावर खोडायचा. तिकडे मास्तर तो आकडा आपल्या रजिस्टरात लिहून घेणार. मी मामांना विचारलं होतं, ‘फाटक लावलं’ असं नुसतं सांगितलं तर नाही का चालत? मामा म्हणाले, “सवयीनं ‘हो साहेब’ तर माणूस झोपेतपण म्हणतो गं. आकडा सांगायला जागं राहावं लागतं.”

इंजिनात बसलेले चालक आणि सहाय्यक चालकही सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवतात. दोघांनाही दिसतोय, तरी म्हणतात. चांगल्या रुग्णालयांत डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर नर्सने ते लिहायचं आणि परत वाचून दाखवायचं, अशी पद्धत असते. या लोकांना बोलता येत नाही म्हणून ही पद्धत आलेली नाही. चूक झाली तर माणूस जातो, म्हणून आलेली आहे.

विमानवाल्यांनी तर हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. धुकं होतं. एका विमानाच्या कॅप्टनला उड्डाणाची घाई होती. त्यांच्या वैमानिकाने नियंत्रण कक्षाला जे सांगितलं त्याचा अर्थ तिकडे ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला गेला. प्रत्यक्षात विमान सुटलेलं होतं. कक्षातून ‘ओके’ असं उत्तर आलं, आणि त्यापुढचं ‘थांबा, मी सांगतो’ हे वाक्य दुसऱ्या विमानाचं बोलणं त्याच वेळी आल्यामुळे खरखरीत बुडून गेलं. ऐकू आलं ते फक्त ‘ओके’. आमच्या ‘हो मॅडम, झालं ते’ची मला आठवण झाली, ती यामुळे. दोन्हींची बरोबरी करत नाही मी, कुठे ५८३ जीव आणि कुठे एक फॉर्म. पण गाठ त्याच जागी बसली होती.

त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागते. त्या विमानात तिसरा माणूस होता, फ्लाईट इंजिनिअर. ‘दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का?’ असं त्याने विचारलं होतं. कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय. तो कॅप्टन कंपनीतल्या सर्वांत ज्येष्ठ वैमानिकांपैकी एक, इतरांना शिकवणारा. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही.

आपल्यापैकी कितीजण पुन्हा विचारतात, सांगा बरं?

या आणि अशा आणखी काही अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेत नासाने वैमानिकांच्या चुकांवर एक कार्यशाळा घेतली. १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचं, बोलण्या-ऐकण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. आज जगभर ते आहे, त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्यात धाकट्याला शिकवतात की शंका आली तर कशी सांगायची, न ऐकल्यास पुन्हा कशी सांगायची. आणि थोरल्यालाही शिकवतात, की धाकट्याचं कसं ऐकायचं. दोघं एकाच वर्गात. नुसतं ऐकवत नाहीत. खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये बसवून प्रसंग करायला लावतात, नंतर काय बोललो, काय राहिलं ते काढतात. आणि एकदा करून प्रमाणपत्र दिलं, संपलं असं नाही. ठरावीक काळाने परत परत. नेमके शब्दही ठरवले गेले. ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती काढून घेतानाच वापरायचा, एरवी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आपल्याकडे कुठलं सिम्युलेटर? खरं सांगू का, ते आपल्याकडे आहे. तुम्ही डी.एड. किंवा बी.एड. केलं असेल तर आठवा. सूक्ष्म अध्यापन!

मला अजून आठवतं. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्नकौशल्य म्हणजे फक्त प्रश्नकौशल्य, फलकलेखन म्हणजे फक्त फलकलेखन. समोर वर्गातल्याच पाच-दहा मैत्रिणी विद्यार्थी बनून बसायच्या, एक-दोघी निरीक्षणाचा तक्ता घेऊन. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांत एक चक्र. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली आणि आपल्याकडे अध्यापक विद्यालयांत रुळली. तेव्हा आम्ही वैतागायचो. खोटं खोटं शिकवायचं, मैत्रिणींनी खोटं खोटं हात वर करायचे. माझ्या पहिल्या पाठाच्या तक्त्यात लिहिलं होतं, ‘प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देते.’ मला राग आला होता. पण आजही वर्गात प्रश्न विचारला की मी मनात पाच आकडे मोजते, ती सवय त्या एका ओळीची आहे.

कौशल्य असं येतं. करून, कुणीतरी बघून सांगून, परत करून. हे आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, सगळ्या जगापेक्षा जास्त माहीत आहे. मग आपल्याच प्रशिक्षणात आपण पीपीटीसमोर का बसतो? निवडणुकीचं प्रशिक्षण आठवा. तिथे मतदान यंत्र प्रत्यक्ष हाताळायला देतात, कारण चूक परवडणार नसते. मतदानाच्या दिवशीही खरं मतदान सुरू व्हायच्या आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घ्यावं लागतं. चूक परवडत नाही असं ज्याला वाटतं तो सराव करून घेतो. संवादातली चूक आपल्याला परवडते असं आपण धरून चाललोय, एवढाच याचा अर्थ मी काढते.

तर त्या फॉर्मनंतर आम्ही चौघांनी शनिवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं बसायचं ठरवलं. वरून आदेश नव्हता, निधी नव्हता. सुरुवात अगदी पोरखेळासारखी झाली. एकाने दुसऱ्याला कामाचा निरोप द्यायचा, दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, उरलेल्या दोघांनी बघायचं. बघणाऱ्यांनी तीनच गोष्टी लिहायच्या: कोणी करायचं हे आलं का, काय करायचं हे आलं का, कधीपर्यंत हे आलं का. पहिल्या शनिवारी आम्ही सगळे नापास. ‘ते’, ‘तेवढं’, ‘त्या दिवशीसारखं’, ‘तुम्हाला माहितीच आहे’ या शब्दांवर आमचा सगळा कारभार चाललेला. इतकी वर्षं!

एक सर, वयाने मोठे, वैतागले. “मी काय पहिलीत आहे का, मागून म्हणायला?” त्यांचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे परत म्हणून घेणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं असं वाटतं. म्हणून आम्ही वाक्य बदललं. ‘परत सांगा बघू’ याच्याऐवजी ‘मी नीट सांगितलं का बघते, तुम्हाला काय कळलं ते सांगाल का?’ असं. चूक सांगणाऱ्याच्या पदरात घ्यायची. हे वाक्य तोंडात बसायला महिना गेला. सुरुवातीला ते नाटकी वाटतं, वाटू द्या.

खरी अडचण वेगळीच होती. आमचे मुख्याध्यापक सर. माणूस अत्यंत भला. पहिले दोन शनिवार ते म्हणाले, “तुम्ही करा, चांगलं चाललंय,” आणि हिशेबाची वही घेऊन बाजूला बसले. तिसऱ्या शनिवारी आमच्यातल्या सगळ्यांत नव्या मॅडम म्हणाल्या, “सर, मेसेज तर तुम्हीच पाठवता. तुम्ही नसाल तर काय उपयोग?” खोलीत एकदम शांतता. सर उठून आले आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशीचा सराव होता वरिष्ठांना सांगण्याचा: ‘सर, हे तुमच्याकडून राहिलंय.’ चार शब्दांचं वाक्य, पण ते सरांच्या तोंडावर, मान खाली न घालता आणि आवाज न चढवता म्हणायला मला तीन प्रयत्न लागले. मग सरांची पाळी. त्यांनी म्हणायचं होतं, ‘मला हे समजलं नाही, परत सांगा.’ चोपन्न वर्षांचा माणूस, हाताखाली तीन शिक्षक. सर हसले, मग म्हणाले. नंतर म्हणाले, “नोकरीत हे वाक्य मी बहुतेक पहिल्यांदाच बोललो.”

माझं ठाम मत आहे की संवादाच्या प्रशिक्षणात साहेब नसतील तर ते प्रशिक्षण घेऊ नये. फक्त हाताखालच्यांना ‘नीट बोलायला’ शिकवणं म्हणजे कान सोडून तोंडावर उपचार करणं. कंपन्यांतही हेच दिसतं असं पालक सांगतात. ट्रेनिंग कामगारांना आणि नव्या मुलांना, उद्घाटनाला साहेब, आणि उद्घाटन झालं की साहेबांना ‘अर्जंट मीटिंग’.

मेसेजचंही आम्ही ठरवलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर नुसता पुढे ढकललेला मेसेज चालत नाही. ज्याने टाकला त्याने वर नाव लिहायचं: अमक्या सरांनी, हे काम, अमक्या तारखेपर्यंत. ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ हे वाक्य आमच्याकडे बंद. आणि उत्तरात अंगठा चालत नाही, काय करणार ते चार शब्दांत लिहायचं. सगळेच मेसेज ‘अतितातडीचे’ असले की तातडीचा कुठला ते कळेनासं होतं, हे तुम्ही रोज अनुभवता, मी काय वेगळं सांगणार. कार्यालयीन पत्रांचं तर बोलायलाच नको. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस अवगत करण्यात येते की’ असं सुरू झालेलं पत्र मी तीनदा वाचते तेव्हा कुठे कळतं की माहिती मागवलीय का दिलीय. पत्र लिहिणाऱ्यांचंही एक सूक्ष्म अध्यापन घ्या, अशी माझी नम्र सूचना आहे.

पालकहो, यात तुमच्याही उपयोगाचं एक आहे. पालकसभेत काय बोलायचं याचाही आम्ही सराव करतो. पूर्वी मी बिनधास्त सांगायचे, ‘तुमचा मुलगा अभ्यासात कच्चा आहे.’ सरावात एक सर पालक झाले. मी हे वाक्य बोलल्यावर ते म्हणाले, “बरं मग, मी काय करू?” मला काही सांगता येईना. कच्चा म्हणजे काय, हे मलाच नीट माहीत नव्हतं. आता मी घरून लिहून आणते: त्याला साधे शब्द वाचता येतात, जोडाक्षरं आली की अडतो, रोज दुकानाच्या पाट्या वाचायला लावा. एका आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, एवढंच होय? मला वाटलं डोक्यानंच कमी हाय.” ती हे तीन वर्षं मनात घेऊन हिंडत होती. आमच्याच एका शब्दामुळे.

आता सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दिवाळीनंतर आमचे कितीतरी शनिवार बुडाले. परत म्हणून घेण्याने चुकीची माहिती बरोबर होत नाही, हेही कळलं. एकदा सहलीची तारीख मी चुकीची सांगितली, समोरच्याने ती चुकीची तारीख अगदी व्यवस्थित परत म्हणून दाखवली, वहीत लिहिली, आणि आम्ही दोघांनी मिळून एसटीला चुकीचा अर्ज दिला. वेळ जातो हेही खरं. चार शिक्षकी शाळेत जमतं, पन्नास माणसांच्या कार्यालयात कसं जमेल, असं मला विचारतात. माझ्या मते पन्नास जणांना एकत्र बसवायची गरजच नाही. ज्यांची कामं एकमेकांत अडकलेली आहेत अशा चौघा-पाचांना बसवा, आठवड्यातून पंधरा मिनिटं, आणि ती पंधरा मिनिटं कामाच्या वेळेत धरा. शाळा सुटल्यावर, घरी जायची घाई असताना नको. आमचं तिथंच चुकतं आणि म्हणून शनिवार बुडतात. आपल्या दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला अर्धा तास जरी यासाठी दिला, पीपीटीशिवाय, तरी पुष्कळ होईल. तज्ज्ञ बोलवायचेच असतील तर बोलवा, पण तज्ज्ञांनी बोलू नये, निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसावं.

ते फोटोचं पाकीट मी टाकलेलं नाही. नव्या मॅडमना खण दाखवताना दाखवलं होतं.

ती मुलगी यंदा आठवीत आहे, शेजारच्या गावच्या हायस्कूलला. तिच्या आठवीलाही शिष्यवृत्ती होती. मला काही अधिकार नाही, शाळा वेगळी, शिक्षक वेगळे. तरी न राहवून मी तिच्या वडिलांना फोन केला, फॉर्म भरला का म्हणून. ते म्हणाले, “भरला मॅडम. मी सरांना विचारून, फॉर्म पूर्ण झालाय ते माझ्या डोळ्यांनी बघून आलो.” मग जरा थांबून म्हणाले, “तुम्ही पोरीशी बोलता का? इथंच हाय.”

बोलले.